तेरा साती

तिकीट वीस रुपये. मुलांना दहा.
चपला काढायची गरज नाही,
तरी बाया काढतातच.
कुणाचाही असो, उंबरा तो उंबरा.

मी व्यंकट, या गढीचा गाईड.
कंधारकडून येताना मन्याडच्या अलीकडं
लिंबांच्या वर जे दोन बुरूज दिसतात, तीच ही.
तिसरा बुरूज गावातल्या माळवदांवर आहे.
दर उन्हाळ्यात पांढरी माती इथूनच न्यायचे लोक,
टोपल्यानं, गाढवावर.
आमचं घर गळलं नाही कधी,
ते यांच्याच भिंतीच्या जिवावर.

लोक काहून येतात, मला आधी कळायचं नाही.
लेणी नाहीत, देव नाही, धबधबा तर नाहीच.
आता वाटतं,
दुसऱ्याच्या घरात थेट माजघरापर्यंत जायला मिळतं,
कुणी विचारत नाही, कोणापैकी तुम्ही,
चहाला थांबावं लागत नाही,
एवढ्यासाठीच येत असतील.

मुखेडच्या बचत गटाच्या बाया चुली मोजतात.
सहा.
'आन् भांडे घासायला किती जणी?'
नवं जोडपं निजायची खोली विचारतं,
बघतं, आणि लगेच जिन्याकडं बघायला लागतं.
शाळेची सहल संडास विचारते.
म्हातारे, खजिना.
आणि एक जण हमखास
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं टाकतो,
'आपल्या फ्लॅटएवढं यांचं न्हाणीघर,'
असं बायकोला सुनावतो,
जणू तो फ्लॅट तिनंच बांधलाय.

पहिली दोन वर्षं मी खरं सांगायचो.
हे बळद, यात ज्वारी.
हा चुना, घाणीवर मळलेला.
लोक जांभया द्यायचे.
मग एका मे महिन्यात, उकाड्यानं डोकं फिरलं म्हणा,
वरच्या अरुंद खिडकीत मी एक राणी बसवली.
हंसाराणी.
लढाईला गेलेल्याची वाट बघत, बारा वर्षं.
कोपर टेकून टेकून दगडाला पडलेला खळगा दाखवला,
जिथं आम्ही लहानपणी चिंचोके फोडायचो.
त्या दिवशी बक्षिसी एकशे चाळीस.

पाच वर्षं बसली बिचारी.
खळगाही लोकांना दरसाल खोल दिसू लागला.

परवा एक जण आला.
पिकलेल्या मिशा, सोबत कॉलेजातली मुलगी.
दोन तिकिटं घेतली, सुट्टे दिले.
खिडकीपाशी राणी ऐकली, शेवटपर्यंत, मान हलवत.
सगळे खाली उतरल्यावर म्हणाला,
'ही सरकीची खोली होती.
गणितात नापास झालो की अप्पा मला इथं कोंडायचे.'

मी गप्प. राणी घशात अडकलेली.

'असू द्या,' तो म्हणाला, 'चांगली आहे ती.
मला तेव्हा सोबत झाली असती.'

मग दारामागं वाकला, एक फळी सरकवली,
मोबाइलचा उजेड धरला.
भिंतीवर खिळ्यानं कोरलेला तेराचा पाढा.
तेरा साती ब्याण्णव.
पुढं काही नाही.
बहुतेक तेवढ्यात दार उघडलं असेल.

मुलगी हसली. तो नाही.
जाताना त्यानं शंभराची नोट दिली,
मी घेतली नाही.
म्हणजे घेतली, पण उशिरा.

आता फेरी संपली की मी ती फळी बाजूला करतो.
बोलत काही नाही.
लोक वाकतात.
आणि सरकीचा वास कधीच उडून गेलेल्या त्या अंधारात
तलाठी, नवरी, सहलीचे मास्तर,
सगळेच ओठातल्या ओठात
तेरा एके तेरापासून सुरू करतात.
सातापाशी थांबतात.
एखादी बाई हळूच भिंतीला सांगते,
'एक्क्याण्णव रे, बाळा.'